निर्भय मुलीची शिडी

धाकटीला उंचीची भीती वाटते, हे घरात फक्त माळ्यावरच्या ट्रंकेला ठाऊक होतं. ट्रंक काढायची म्हटलं की धाकटीला नेमका अभ्यास आठवायचा. आणि निघाली होती लष्करात अधिकारी व्हायला!

निवडीच्या अर्जात ‘तुमच्यातला दोष’ असा एक रकाना होता. तिथे अख्खं घर अडलं.

“मागतील ते द्यायला आपण काय दुकान मांडलंय?” मामा म्हणाला. मामा विमा विकायचा. दिवसाला दहा जणांना मरणाची भीती घालून घरी यायचा आणि पाल दिसली की पलंगावर चढायचा.

“क्लासच्या सरांनी लिहून दिलंय,” आई म्हणाली. “‘मी गरजेपेक्षा जास्त मेहनत करते.’”

“दोष असावा तर असा!” बाबा खूश झाले. साहेबांकडे सलग चार दिवस रजा मागायची हिंमत ते गेली सतरा वर्षं गोळा करत होते.

“पण बाबा, मला उंचीची...”

“गप. भीती सरांनी पहिल्याच आठवड्यात काढलीय तुम्हा सगळ्यांची.”

सर मनोबल शिकवायचे. स्वतः निवडीत चारदा नापास झाले होते; त्याला ते अनुभव म्हणत.

निवड मंडळाच्या मैदानावर उंच फळीवरून उडी मारायची होती. धाकटीनं मारली. दुसऱ्या दिवशी मुलाखत. पिकल्या मिशांच्या अधिकाऱ्यानं अर्ज चाळला आणि चष्मा काढला.

“जास्त मेहनत करणाऱ्या आज तुम्ही सोळाव्या. एवढे मेहनती लोक असून देशाची कामं का रखडतात, कळत नाही. खरा दोष सांगा.”

धाकटीच्या डोळ्यांसमोर सगळं घर उभं राहिलं. खरं बोलावं तर दोन वर्षांची तयारी पाण्यात.

“उंचीची भीती वाटते, सर.”

“मग काल उडी कशी मारलीत?”

“घाबरत घाबरत. भीती जायची वाट बघितली असती, तर अजून वरच असते.”

अधिकाऱ्यानं काहीतरी लिहिलं. संपलं आपलं, असं समजून ती उठली.

तिची निवड झाली. सरांनी क्लासच्या दारावर तिच्या फोटोचा भलामोठा कापडी फलक टांगला. खाली अक्षरं: ‘हिला भीती म्हणजे काय ठाऊकच नाही!’ कौतुकाला सगळं घर जमलं आणि तेवढ्यात फलकाची एक दोरी सुटली. धाकटीचं अर्धं तोंड दुमडून लोंबायला लागलं. कोणीतरी शिडी आणली.

“माझा गुडघा,” मामा म्हणाला.

“मी खालून लक्ष ठेवतो,” बाबा म्हणाले.

“मार्गदर्शकानं जमिनीवरच असलेलं बरं,” सर म्हणाले.

धाकटीनं ओढणी कमरेला खोचली आणि चढली. पाचव्या पायरीवर तिनं शिडीला मिठी मारली. तरी दोरी ओढून तिनं गाठ मारायला घेतली.

“शिडी घट्ट धरा हो! मला भीती वाटतेय!”

सरांनी इकडेतिकडे पाहिलं.

“हळू बोल,” ते खालून कुजबुजले, “नवीन प्रवेश चालू आहेत.”