रुळाचा आवाज

"वाजवा ना, मावशी. थांबलात कशाला?"

साहेबांचा आवाज गोड होता आणि तो गोडवाच मावशीला खुपला. वनखात्याचा हा माणूस एरवी चौकीत आला की खुर्ची झटकल्याशिवाय बसत नसे. आज तो दोन शिपायांना घेऊन ओल्या गवतात, एका बुंध्याआड उकिडवा बसला होता. समोर दलदल होती, म्हणजे असायला हवी होती. ती, तिच्यावरची फळ्यांची वाट आणि पलीकडचं राखीव जुनं रान, सगळं गिळून धुक्याने ढेकरही दिला नव्हता.

चौकीसमोरच्या खांबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. धुकं उतरलं की चौकीदाराने तो हातोडीने वाजवत राहायचं. फळ्या झाडणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "शेवाळ उपटू नका हो" म्हणून सांगणं ही बाकीची नोकरी, पण खरं काम हेच. मावशीचा नवरा जन्मभर तो रूळ वाजवत आला आणि तो गेल्यावर हातोडी तिच्याकडे आली. खालच्या गावात नुकतं बोलायला लागलेल्या लेकरालाही रुळाचे नियम पाठ होते. वाजत असेल तर आवाजाच्या दिशेने यायचं. वाजत नसेल तर जागचं हलायचं नाही. आणखी एक नियम होता, तो फक्त वाजवणाऱ्यासाठी: आत कोण आहे, हे विचारायचं नाही.

"आणि चोर असला तर?" नवी नवरी असताना मावशीने एकदा विचारलं होतं.

"चोर काय वेगळा बुडतो?" नवरा म्हणाला होता.

"दोघं आहेत," साहेब आता कुजबुजले. "पहाटे झाड पाडलं. रस्ता आम्ही अडवला, म्हणून दलदलीतून निघाले आणि वरून हे धुकं. देव पावला म्हणायचा. तुम्ही वाजवा, ते आपल्या पायांनी येतील."

मावशीने कोण ते विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. सकाळी लेकीचा फोन आला होता, "आई, हे काल रात्री घरी आलेच नाहीत. लांबू पण नाहीये." लांबू म्हणजे जावयाचा मित्र, अंगाने काठी आणि तोंडाने नगारा. आणि जावई? जावई म्हणजे दहावा ग्रह, असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची. तो हसून म्हणायचा, "मग ग्रहाला अजून थोडं वाढा." ती वाढायची. तिचा फार जीव होता त्याच्यावर.

"साहेब, त्यांना बाहेर येऊ द्या, जाऊ द्या. उद्या घरी जाऊन धरा. रुळापाशी नको."

"उद्या म्हणतील, आम्ही घरीच झोपलो होतो. मावशी, ते झाड तुमच्या पणजोबांच्याही आधीपासून उभं होतं. त्याचं काहीच नाही तुम्हाला?"

होतं. गेल्या खेपेला पाडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसून ती घरचं माणूस गेल्यासारखी रडली होती. साहेब खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली. "रूळ वाजवा ओ! कुणी आहे का?"

आवाज ओळखीचा होता. त्यामागोमाग चिखलाने पाय ओढून घेतल्याचा आवाज आला आणि एक शिवी अर्ध्यावर तुटली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. इथे एकीकडे दलदल होती आणि दुसरीकडे बेड्या. बेड्यांतून माणूस परत तरी येतो, असं मनाशी म्हणून मावशीने हातोडी उचलली.

ठण्. ठण्. ठण्.

जावई कमरेपर्यंत काळा होऊन फळ्यांवर आला. दात तेवढे पांढरे दिसत होते, कारण तो हसत होता.

"आई! तुमचा ठोका ओळखला मी. म्हटलं, आता काही भीती नाही."

शिपायांनी झडप घातली. त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या हातोडीकडे. आणि धुक्याकडे मान वळवून जीव खाऊन ओरडला, "लांबू, येऊ नकोस! रुळाकडे येऊ नकोस! फसवतायत!"

साहेब जावयाला घेऊन गेले तरी मावशी वाजवत राहिली. हात भरून आले, पण लांबू आला नाही. दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या काठाला निघाला, अर्धमेला, एक बूट दलदलीला देऊन. आणि लांबूच तो. रूळ वाजवून धरल्याचं संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

साहेबांनी खूश होऊन नवी हातोडी पाठवली. मावशीने ती पिशवीतून बाहेरही काढली नाही.

लेक आली ती उंबऱ्यातच थांबली. "आई, तू त्यांना वाचवलंस की धरून दिलंस? तेवढं सांग."

"वाचवायलाच गेले गं."

"मग ते घरी का नाहीत?"

मावशीने चहा पुढे केला. लेकीने तो घेतला नाही, त्यावर साय धरली.

"गावात काय ठरलंय माहितीये?" जाताना लेक म्हणाली. "धुक्यात रूळ वाजला की उलट्या दिशेने पळायचं."

"वेड लागलंय का? तिकडे खोल पाणी आहे!"

"मला नको सांगूस. त्यांना सांग."

मावशी सांगायला गेलीही. दुकानापाशी चार माणसं बोलत होती. एकाने अगदी आदराने विचारलं, "काय मावशी, आज किती साहेब बसलेत झाडामागे?" बाकीचे हसले. हसणारे ते सगळे कधी ना कधी त्याच रुळाच्या आवाजावर जिवंत घरी गेले होते. मावशी माघारी आली.

पुढचं धुकं भर दुपारी उतरलं. मावशी हातोडी घेऊन बाहेर येते तोच हाक ऐकू आली. पुरुषाचा आवाज होता, घोगरा, अनोळखी, आणि फळ्यांपासून फार लांबही नव्हता.

तिने ठोका दिला. पुढची हाक जरा दुरून आली.

कान फसले असतील, म्हणून तिने आणखी जोरात मारलं. आता हाक डावीकडून आली, खोल पाण्याच्या बाजूने, आणि तिच्यात रडं मिसळलं होतं.

"अरे, इथे कुणी नाही! मी एकटीच आहे!" मावशी ओरडली.

मग चिखलातली पावलं आणखी दूर गेली. झाडामागे साहेब असते, तर त्यांनीही तिला हेच ओरडायला लावलं असतं. ते आतल्याला कळत होतं आणि तिलाही.

हातोडी पुन्हा वर गेली आणि तशीच थांबली. वाजत नसेल तर जागचं हलायचं नाही. गावाने एक नियम उलटा केला होता. दुसरा कदाचित अजून शिल्लक असेल.

तिने हातोडी गवतात ठेवली. रूळ अजून घुमत होता. तिने त्या गार लोखंडाला दोन्ही हातांनी कवटाळलं, छातीशी दाबून गप्प केलं आणि आतली पावलं थांबतात का, ते ऐकत उभी राहिली.