एकही लेंडी नको

मे महिन्यात कॅम्परचं दार उघडल्यावर आत उंदराची एक जरी लेंडी दिसली तर गाडी विकून टाकायची, असं माझ्या मुलानं, लायलनं, ऑक्टोबरात जेवणाच्या टेबलावर सांगितलं. तेही बटाट्यांचं भांडं पुढे सरकवता सरकवता. माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा बापही वाईट बातमी अशीच ताटाकडे बघून द्यायचा.

त्याचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. आम्ही कॅन्ससचे कापणीवाले. स्वतःचा गहू थोडा, दुसऱ्यांचा फार. मेमध्ये टेक्सासात पहिलं शेत कापायचं आणि पिकत्या गव्हाच्या मागे मागे उत्तरेला सरकत ऑगस्टात मोंटाना गाठायचं. चार हार्वेस्टर, आठ पुरुष, आणि त्या आठांना दोन वेळा गरम जेवण घालणारी मी, माझ्या कॅम्परमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात. एकेचाळीस वर्षं झाली. नवरा ऑर्विल गेला त्या वर्षीसुद्धा माझी चूल थांबली नव्हती. पण गेल्या मेमध्ये गाडी उघडली तर उंदरांनी फ्रिजच्या वायरी कुरतडलेल्या, गाद्यांत घरटी केलेली, आणि वास असा की लायलचा सगळ्यात दांडगा ड्रायव्हर नाक धरून बाहेर पळाला. चार दिवस दुरुस्तीत गेले. टेक्सासच्या शेतकऱ्यानं दुसरी टोळी बोलावली. पिकलेला गहू कुणासाठी थांबतोय?

"मग आठ जणांना जेवायला कोण घालणार?" मी विचारलं.

"पेट्रोल पंपावर सँडविच मिळतात, मा."

"आणि मी?"

"तू घरी राहा. आराम कर. चौऱ्याहत्तरची झालीस."

आराम! आराम करणाऱ्या बायका बघितल्यात मी. चर्चच्या तळघरात गोधड्या शिवत बसतात आणि एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

"एकही लेंडी नाही ना? ठरलं," मी म्हटलं.

मी सहावीत शाळा सोडली, पण हिवाळ्यात गाडी कशी ठेवायची ते मला कुणी शिकवायला नको, असं तेव्हा मला वाटत होतं. आमच्या शेताच्या कडेला हेज नावाच्या काटेरी झाडांची रांग आहे. ऑक्टोबरात त्यांची फळं पडतात, हिरवी, मुठीपेक्षा मोठी, सुरकुतलेली आणि चिकानं भरलेली. माझ्या आजीपासून आम्ही ती तळघराच्या कोपऱ्यांत ठेवत आलो. त्या वासानं कोळी येत नाही आणि उंदीरही येत नाही. मी दोन बादल्या भरून आणली आणि कॅम्परमध्ये सिंकखाली, गाद्यांखाली, प्रत्येक कपाटात एकेक मांडली.

तेवढ्यात सून आली. रोंडा शाळेच्या ऑफिसात काम करते आणि जे बोलते ते नोटीस लावल्यासारखं बोलते.

"मा, ह्या फळांनी काही होत नाही हो. मी वाचलंय."

"तू वाचलंयस. कोळ्यांनी वाचलंय का?"

"हसा तुम्ही. पण पेन्सिल जाईल एवढं भोक उंदराला पुरतं. आधी भोकं बुजवायला हवीत."

"एकेचाळीस वर्षं माझ्या गाडीला भोकं नव्हती."

"मग गेल्या वर्षी उंदीर काय किल्लीनं दार उघडून आले?"

जीभ आहे तिला. मला आवडत नाही, पण आहे.

शनिवारी भर दुपारी तिनं मला आत बसवलं. खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या, दार लावलं. आत काळोख. पाच मिनिटांनी डोळे सरावले तशी गंमत दिसायला लागली. माझ्या गाडीच्या जमिनीत चांदण्या! पाण्याच्या नळाभोवती एक, गॅसच्या नळीजवळ दोन, चाकाच्या वर तर बोटभर उजेड. ज्या ओट्यापाशी उभी राहून मी आयुष्य काढलं, त्याच्या पायाशीच बाहेरचं ऊन आत येत होतं.

"दिसतंय का काही?" रोंडा गाडीखालून ओरडली. ती पाठीवर पडून सरकत होती.

"थोडंसं," मी म्हटलं.

"थोडंसं म्हणजे किती?"

"अकरा."

खालून हसल्याचा आवाज आला. मग मी आतून काठीनं ठोकायचं आणि तिनं बाहेरून तिथे तारेची घासणी कोंबून वर फुगून घट्ट होणारा फेस भरायचा, असं संध्याकाळपर्यंत चाललं. उंदीर तार कुरतडत नाही, दातांना झोंबते म्हणे. गीझरच्या आणि हीटरच्या झरोक्यांवर तिनं बारीक जाळी बसवली. बाहेर आली तेव्हा केसांत माती, कोपर सोललेलं. "फळं काढून टाका आता," ती म्हणाली.

"फळं राहतील," मी म्हटलं. सगळंच ऐकायचं म्हणजे सासू कशाला व्हायचं?

हिवाळा लांबला. बर्फ पडलं, वितळलं, परत पडलं. लायल दिवसभर शेडमध्ये हार्वेस्टर उघडून बसायचा, रोंडा शाळेत, आणि घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. जानेवारीत मी दुपारची कॅम्परमध्ये जाऊन बसायला लागले. छोटा हीटर, रेडिओ, कॉफी, पावाचा एखादा तुकडा. हीटरसाठी गाडीची जाड केबल शेडपर्यंत ओढली होती. ती जिथून बाहेर येते तिथलं झाकण उघडं ठेवावं लागे. तेवढ्यानं काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. तिथे बसलं की खिडकीबाहेर बर्फ असलं तरी मला जूनमधलं शेत दिसायचं. हे मी कुणाला बोलले नाही.

फेब्रुवारीत एक दिवस सिंकखालचं कपाट उघडलं, तर हेजचं फळ नव्हतं. फळाचा भुगा होता. कुणीतरी बसून, निवांतपणे, एकेक बी सोलून खाल्ली होती. बाजूला भांडी धरायचं फडकं कुरतडलेलं. आणि लेंड्या. मी मोजल्या नाहीत. अट मोडायला एकच पुरेशी होती.

माझीच फळं. माझ्या आजीचा उपाय. मी उंदराला ताट वाढून ठेवलं होतं, आणि दारही मीच उघडं टाकलं होतं.

झाकण लावलं. सगळी फळं बादलीत भरून लांब नाल्यात फेकली. कपाट साबणानं तीनदा धुतलं, फडकं शेगडीत जाळलं, शेंगदाण्याचं लोणी लावून सापळे मांडले. दोन दिवसांत दोन उंदीर सापडले. तिसऱ्या दिवशी सापळा रिकामा. पण रिकामा म्हणजे संपले, की शहाणे झाले? आत अजून एखादी पोटुशी मादी भिंतीत बसली असेल तर मेपर्यंत तिची शाळा भरेल. ते ओळखायला दुसरं माणूस हवं होतं, पाठीवर सरकू शकणारं.

आठवडा गेला. मग रोंडा भांडी पुसत होती तेव्हा म्हटलं, "केबलचं झाकण मी उघडं ठेवलं होतं."

ती थांबली. "आणि?"

"आणि दोन मेले."

"फळं?"

"खाल्ली त्यांनी. आवडली म्हणे."

मला वाटलं आता वाजवेल नगारा. पण तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "तुम्ही तिथे करता काय, मा, दुपारची?"

"बसते."

रविवारी ती परत गाडीखाली शिरली, एक सुटलेली घासणी नव्यानं कोंबली, कपाटांत मैदा भुरभुरवला. महिनाभर रोज शाळेतून आली की आधी मैदा बघायची. एकही पाऊल उमटलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लायल टॉर्च घेऊन आला. एकेक खण ओढून बघितला, गाद्या उचलल्या, फ्रिजच्या मागे वाकून वायरी चाचपल्या. मी दारात हाताची घडी घालून उभी. काही सापडेना तसा त्याचा चेहरा बदलायला लागला. मग त्यानं गीझर लावला. भप्प झालं, पिवळी ज्योत आली आणि विझली. परत लावला. परत तेच.

"वायर," तो म्हणाला. "वायरच कुरतडलेली असणार." माझ्याकडे वळला. "मा, खरं सांग. आत उंदीर आला होता का?"

रोंडा त्याच्या मागे उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हळूच हलवली, नाही म्हणा म्हणून. तिचे ते उपकार मी विसरणार नाही. पण मी आयुष्यात आठ-आठ पुरुषांना तोंडावर बोलत आले, स्वतःच्या पोटच्या पोराला काय घाबरायचं?

"आला होता," मी म्हटलं. "दोन. फेब्रुवारीत. झाकण मी उघडं टाकलं. दोन्ही मारले. आणि ह्यात उंदराचा हात नाही, बाजूला हो."

गॅस बंद केला. बाहेरून गीझरचं झाकण काढलं. गॅसच्या वासाला एक बारका पिवळा कोळी भुलतो, तो जाळीतूनही शिरतो. नळीत जाळं विणतो आणि ज्योतीचा गळा आवळतो. हे मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. हे मला ओक्लाहोमातल्या एका उपाशी संध्याकाळनं शिकवलंय. बाटल्या धुवायचा बारीक ब्रश नळीत घातला, फिरवला, ओढला. कापसासारखा पांढरा गोळा बाहेर आला. तो मी लायलच्या तळहातावर ठेवला.

"आता लाव."

निळी ज्योत. सरळ, गुरगुरणारी.

लायलनं टॉर्च विझवला. "लेंड्या होत्या म्हणजे," तो म्हणाला.

"होत्या. वायरी शाबूत आहेत, पाणी गरम होतंय. आता काय विकायचं ते विक."

"पंपावरच्या सँडविचला कंटाळून गेल्या वर्षी चार दिवसांत दोन ड्रायव्हर सोडून गेले," रोंडा म्हणाली. "सांगून ठेवते आपलं."

लायलनं हात पँटला पुसला. "सोमवारी पहाटे निघायचंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "शाळेला सुट्टी लागली की रोंडा येईल मागून. पहिल्या दिवशी जेवायला काय आहे?"

"वाढीन ते," मी म्हटलं, आणि पिठाचे डबे आणायला घराकडे निघाले.