माय येल शे

ताप आहे का?

रूपालीला फोनवरचे प्रश्न पाठ होते. तिची कंपनी तोंडाच्या कर्करोगावर नवं इंजेक्शन तपासत होती. शरीराचीच प्रतिकारशक्ती गाठीवर सोडायची, असं ते औषध. क्वचित ती शक्ती आपल्याच माणसावर उलटते, म्हणून इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येकाच्या घरी फोन. सुरतेच्या गोडादऱ्यातली खानदेशी घरं रूपालीकडे. मराठी माणूस मराठीशी मोकळं बोलेल, असं तिच्या वरिष्ठांचं, हितेशसरांचं म्हणणं. रूपाली सुरतेत जन्मली, गुजरातीत शिकली. आईची अहिराणी तिला कळायची. म्हणजे, कळते असं तिला वाटायचं.

श्रावणातला सोमवार. फोन प्रमिलाबाईंनी उचलला. त्यांचा नवरा धुडकू लूमवर कामाला होता, गालात गाठ येईपर्यंत.

"काकांना ताप आहे का, मावशी?"

"शे थोडा."

अंगावर पुरळ, फोड?

"आसं नको बोलू, पोरी. घरमा माय येल शे."

कालच गल्लोगल्ली कानबाई बसली होती. सकाळपासून विसर्जनाच्या मिरवणुका रूपालीच्या खिडकीखालून वाजत जात होत्या. देवी घरात असताना अभद्र बोलू नये, एवढं तिला ठाऊक होतं.

"मग काय, मजा आहे तुमची," ती हसली. "माझ्यासाठी प्रसादाचा रोट ठेवा बरं का."

 पलीकडून फोन बंद झाला.

पुरळ: नाही.

जेवण जातं का?

हे विचारायचं राहिलं.

संध्याकाळी रूपालीची आई शोभा भाकरी थापत होती. रूपाली म्हणाली, "धुडकूकाकांकडे कानबाई बसली म्हणे."

शोभाला हसू आलं. "त्यांच्याकडं कधीपासून? त्यांची कानबाई थोरल्या भावाकडं, पर्वत पाटिया भागात. सगळे भाऊबंद तिथंच जमतात. मी काल जाऊन आले, प्रमिला काही दिसली नाही. कंपनीत लागलीस आणि घरचं विसरलीस बाई तू."

"पण ती म्हणाली, घरमा माय येल शे."

शोभाचा हात पिठातच थांबला.

"अगं, मग अंगावर आली असेल. गोवर, कांजिण्या, जे असेल ते. त्याचं नाव घेत नाहीत. दवा नाही, डॉक्टर नाही, फोडणीसुद्धा देत नाहीत. परक्याला उंबरा ओलांडू देत नाहीत."

कधीपासून?

हे रूपालीने त्याच रात्री प्रमिलाबाईंच्या दारात विचारलं. चौकटीला कडुलिंबाचा डहाळा होता आणि प्रमिलाबाई वाट अडवून उभ्या होत्या.

"शनिवारपासून. आत नको येऊ, पोरी. ती रागावेल."

"मावशी, ही माय नाही. आमचं औषध आहे. इंजेक्शनचं आहे हे."

प्रमिलाबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग तू हसनी कशाले?"

रूपाली त्यांच्या बगलेतून आत शिरली.

धुडकू लिंबाच्या पाल्यावर उघडा पडला होता. ओठांवर काळी खपली. पाठीची कातडी पाल्याला चिकटून सुटत होती, उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तशी. डोळे चिकटलेले. पावलांचा आवाज ऐकून त्याने हात जोडले.

"मनं काय चुकनं, माय?"

तो कुणाशी बोलतोय, हे रूपालीच्या ध्यानात आलं. तिला त्याच्या हाताला हात लावायचा होता. लावला असता तर तिथलीही कातडी निघाली असती.

आणखी काही सांगायचं आहे का?

दवाखान्यात त्याला भाजलेल्यांच्या वॉर्डात ठेवलं. गुरुवारी दुपारी तो गेला. प्रमिलाबाई बाहेर फरशीवर बसल्या होत्या. येईल त्याला एकच सांगत होत्या, माझ्या हातून पाळणूक चुकली, म्हणून माय कोपली.

हितेशसरांचा फोन आला. "घरवालोंने छुपाया, बराबर ने? ऐसा ही लिख दे. फिर कंपनी पे कुछ नहीं आता."

"सर, त्यांनी कळवलं होतं. सोमवारीच. मला कळलं नाही."

"क्या बोला था?"

रूपालीने ते तीन-चार शब्द अहिराणीतच सांगितले.

"मतलब?"

ती सांगायला लागली तशा प्रमिलाबाई धडपडत उठल्या आणि त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताला अजून पाल्याचा कडू वास होता.

"नाव नको लेऊ. अजून पोरं शेतस घरमा."

"हॅलो? रूपाली?"

रूपालीने तो हात धरून खाली केला, सोडला नाही, आणि फोनमध्ये प्रत्येक शब्द नीट उच्चारून अर्थ सांगितला. प्रमिलाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.