आधी नोंद, मग चौकशी

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे चौकशीमास्तर म्हणतात. चहावाल्यालासुद्धा 'दूध आजचंच ना?' असं विचारल्याशिवाय ते कप हातात धरत नाहीत. हॉस्पिटलच्या औषधांचा प्रोग्राम त्यांनी लिहिला, तेव्हा ही खोड त्यातही उतरली.

डेटाबेसमध्ये काही बिघडलं की तो आमच्या प्रोग्राममधल्या एका छोट्या तुकड्याला, फंक्शनला, हाक मारतो: अमुक नंबरची नोंद अडली. फंक्शननं एवढं टिपून घ्यायचं आणि मुकाट्यानं परतायचं. मास्तरांचं फंक्शन उलट डेटाबेसलाच विचारायचं, हा पेशंट कोण? डेटाबेस सगळ्या नोंदींना कुलूप लावून त्याच्या परतण्याची वाट बघतोय आणि ते उत्तरासाठी ताटकळतंय. काल दुपारी एक साधी नोंद अडली आणि अख्ख्या वॉर्डाचे स्क्रीन गोठले. त्याच वॉर्डात मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, होत्या. त्यांचं इंजेक्शन लांबलं. तेव्हापासून त्या ऑक्सिजनवर आहेत.

आज सकाळी मी मास्तरांशेजारी खुर्ची ओढली. "ते नाव विचारणं काढून टाका."

"अगं, नुसत्या नंबरावरून माणूस कसा कळणार?"

"फंक्शन परतू दे, कुलूप सुटू दे, मग हवं ते विचारा. सांगायला आलेल्याला दारातच कशाला धरून ठेवता?"

मी तडकूनच बोलले. त्यांचा चेहरा उतरला आणि मलाच वाईट वाटलं. त्यांनी ती ओळ खोडली. मुद्दाम एक नोंद अडवून पाहिली. नंबर टिपला गेला, बाकीचं काम चालू राहिलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वॉर्डातल्या सिस्टर होत्या. शेजारी बसल्यानं मलाही ऐकू येत होतं.

"तुमच्या मिसेसना श्वास घेता येत नाहीये. डॉक्टर निघालेत."

मास्तरांनी तोंड उघडलं. कधीपासून? कोणते डॉक्टर? ऑक्सिजन वाढवला का? सगळं ओठांवर आलं असणार. या माणसाला प्रश्न गिळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"कळलं, सिस्टर. तुम्ही तिच्याकडे जा," ते म्हणाले आणि त्यांनीच फोन बंद केला.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "अगं, वाचेल ना ती?"

मी त्यांची बॅग उचलली आणि म्हटलं, "चला, मास्तर."