काळ्या टेपची चिठ्ठी

डबीचं झाकण निळं होतं, आणि त्यावरच्या कागदी पट्टीवर त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, असं ठळक लिहिलं होतं की ते वाचून कैलासच्या कानाच्या पाळ्या तापल्या — एवढीशी डबी, पण ती बायकोच्या हातात देताना हात केवढा जड होतो... जयाने मात्र चहाची बशी घ्यावी तितक्या सहज ती घेतली, रुमालात गुंडाळली, पदराआड पोटाशी धरली आणि स्कूटरवर मागे बसत म्हणाली, "चला. गार नाई झाली पाह्यजे म्हणे."

पिपरी मेघेहून दवाखाना पंधरा मिनिटांवर. कैलास खड्डे चुकवत होता. तिचा एक हात त्याच्या खांद्यावर होता, दुसरा पोटाशी, आणि त्याला एकदम वाटलं की ही बाई आपली लाज अंगाच्या उबेत धरून बसली आहे, आणि आपण दहा वर्षं... पुढचं वाक्य त्याने मनातही पुरं केलं नाही. समोरून ट्रॅक्टर येत होता.

ऑपरेशनला तीन महिने झाले होते. पोळा संपला त्या आठवड्यात झालं, आणि आता दिवाळीही होऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिन्यांनी बीजाचा नमुना तपासू, तोवर काही विचारायला येऊ नका. नमुना खिडकीत देऊन झाला, कागद संध्याकाळी मिळणार होता. जयाला घरी सोडताना तिने त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. "सारे कागद यातच हायेत. डॉक्टर मागतीन तं द्याजा."

"तू नाई येत?"

"आज आचलची ओटी हाय ना. लय काम हाय."

ओटी! सकाळपासून तो हा शब्द टाळत होता. आचल त्याच्या धाकट्या भावाची, धीरजची बायको, तिला सातवा लागलेला. आणि काल आई, अनुसयाबाई, लसूण सोलता सोलता म्हणाली होती, "जयाले सांग, उद्या समोर नको बसू म्हणा. लेकुरवाळ्याच बलावल्या मी. लोकं बोलतात रे बाप्पा, मी का करू?" आई दुष्ट नव्हती. जयाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी ही बाई, पण नातवाची वाट पाहून पाहून तिच्या मायेत कुठेतरी खडा आला होता. जया चुलीपाशीच होती. तिने ऐकलं, आणि पोळी उलटली. आणि कैलास — विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा, तोंडाचा पट्टा चालवणारा, गिऱ्हाइकाची फिरकी घेतल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही तो कैलास — खाली मान घालून जेवला.

दुकानात तीन जळक्या मोटारी येऊन पडल्या होत्या. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की मोटारी जळतात, मग तांब्याची तार काढा, नवी गुंडाळा, वार्निश लावा. हात काम करत होते. या हातांना एक खोड होती, पंधरा वर्षांची: कोणी काहीही सांगो, आधी मोटार खोलून पाहायची. शेतकरी हटकून विहिरीला दोष देतो. जयाच्या माहेरचा, वडनेरचा रूपराव गेल्या उन्हाळ्यात आला होता तो हेच घेऊन: विहीर आटली, खोल करावी म्हणतो. कैलास खो खो हसला होता. "विहिरीले काऊन दोष देता, बाबाजी? आधी मोटार खोलून तं पाहा! विहीर बिचारी चूपचाप बसली हाय, तिले बोलता येत नाई म्हणून काही बी म्हनान काय?"

जया तेव्हा डबा घेऊन दारात उभी होती. तिने फक्त पाहिलं त्याच्याकडे — रागाने नव्हे, कंटाळूनही नव्हे, जरा वेळ, नीट. मग डबा ठेवून गेली.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी तो एकटाच, कोणाला न सांगता, दवाखान्यात जाऊन उभा राहिला.

त्या अंधाऱ्या खोलीतला थंडगार चिकट लेप, त्यावरून फिरणारं यंत्र, आणि पडद्यावर आपल्याच अंगातल्या लाल-निळ्या रेघा... "जोर लावा जरा," डॉक्टर म्हणाले, आणि जोर लावताच निळं होतं तिथे लाल भरून आलं. डॉक्टरांनी समजावलं: शिरांमधल्या झडपा सैल झाल्यात, वर जाणारं रक्त उलटं खाली येतं, साचतं, गरमी धरतं, आणि त्या गरमीने बीज मरतं. कैलास तसाच अर्धा उघडा उठून बसला. "म्हंजे फुटव्हॉल खराब!" पाइपाच्या तळाला बसवलेली झडप, जी चढलेलं पाणी परत विहिरीत उतरू देत नाही, ती. डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स डोकावली. "तेच," ते म्हणाले. "बदलता नाही येत, पण त्या लाइनी बंद करता येतात. बोटाच्या पेराएवढा छेद. दुसऱ्या दिवशी घरी."

एवढंच होतं तर! एवढ्यासाठी जयाने सोळा सोमवार केले, कडू काढे प्याले, दोनदा पोटात नळी घालून घेतली...

ऑपरेशनच्या दिवशी कमरेखालचं अंग बधिर होतं आणि छातीवर हिरवा पडदा. पलीकडे डॉक्टर डोळ्यांना भिंगं लावून वाकलेले. मग एक आवाज आला — फस्स... फस्स... फस्स... — चालू केलेल्या पंपाने पहिलं पाणी ओढावं तसा. डॉक्टर म्हणाले, पेन्सिलीसारखी नळी आहे, तिने ऐकून ऐकून शोधतोय. ही वाजते ती चांगली रक्तवाहिनी, हिला धक्का लावायचा नाही, बाकीच्या फुगलेल्या तेवढ्या बांधायच्या. कैलास ऐकत राहिला. माझंच रक्त, आणि मी पस्तीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. कोणीतरी परका माणूस ते कान देऊन ऐकतो आहे, जपतो आहे. पडद्याआड त्याच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं आणि त्याने ते पुसलं नाही.

जयाला त्याने सारं सांगितलं होतं; घरी बाकीच्यांना काय सांगायचं, हा घोर त्याला होता. पण तो तोंड उघडायच्या आत जयाच सासूला म्हणाली होती, "मोटारी उचलून उचलून हर्निया झाला त्यायले." आईने ते साऱ्या आळीला सांगितलं. धीरजने त्याला मोटार उचलू देणं बंद केलं. आणि कैलासने सुटकेचा श्वास सोडला होता... आज तार गुंडाळताना तो श्वास त्याला आठवला आणि स्वतःची किळस आली.

पाच वाजता तो दवाखान्याच्या बाकावर बसला होता. खिडकीतल्या माणसाला ऑपरेशनचं कार्ड हवं होतं. पिशवीत दहा वर्षं होती: फोटो, चिठ्ठ्या, पावत्या. आणि तळाशी चार घड्या घातलेला एक कागद, मधोमध फाटलेला, मागून काळी टेप लावून जोडलेला.

टेप त्याने आधी ओळखली. तारांच्या जोडाला गुंडाळतात ती, त्याच्या दुकानातली. मग आठवलं. कधीतरी दुपारी जया दुकानात आली होती, "जरा टेप द्या," म्हणाली होती, आणि त्याने, कशाला असं न विचारता, वीतभर तोडून दिली होती.

कागद तिच्या माहेराजवळच्या, हिंगणघाटच्या एका डॉक्टरीणबाईंचा होता. बाईंनी तो मुद्दाम मराठीत लिहिला होता, घरच्या माणसाला वाचता यावा म्हणून. 'पत्नीच्या सर्व तपासण्या व्यवस्थित. तिच्यात दोष नाही. पतीची तपासणी करावी.' तारीख होती १९९८ सालची.

सात वर्षं...

बाकावर शेजारचा माणूस काहीतरी विचारत होता. कैलासला अठ्ठ्याण्णव साल दिसत होतं: माहेरून आलेली जया, ताट वाढून समोर बसलेली, "तुमी बी एकदा दाखवून घेता काय?" एवढंच म्हणालेली, आणि त्याने ताट सारलं होतं, आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता. बस्स. आठ दिवस त्याने मौन धरलं, आणि तिने सात वर्षं. हा कागद आईसमोर एकदा टाकला असता तर तिची सुटका होती. तिने तो घड्या मोडेपर्यंत पुन्हा पुन्हा उघडला, एकटीने वाचला, फाटला तेव्हा माझ्याच टेपने जोडला, आणि परत ठेवला. काढे पीत राहिली. कशासाठी, जया? माझ्यासाठी? आणि आज ही पिशवी माझ्या हातात दिलीस ती विसरून, की...

डॉक्टरांनी तपासणीचा कागद पाहून चष्मा वर सरकवला. "सुधारणा आहे. चांगली आहे. पण हमी मी देणार नाही, आणखी सहा महिने पाहू." कैलासने त्यांचे पाय धरले. डॉक्टर गडबडले, "अहो, अजून काही झालं नाही!" झालं, डॉक्टर, त्याला सांगायचं होतं, खूप झालं. त्याने काळ्या टेपची चिठ्ठी तेवढी खिशात घातली आणि बाहेर पडला.

तो घरी आला तेव्हा समोरच्या खोलीत बायकांची गर्दी होती. पाटावर आचल, हिरव्या साडीत, मांडीवर नारळ आणि तांदळाचा ढीग. तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेला. जया एकटी बसून भज्यांचं पीठ फेटत होती.

"काय म्हने डॉक्टर?"

"बरं हाय म्हने. थांबा म्हने." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "जया, मी चिठ्ठी पाह्यली. काळ्या टेपची."

तिचा हात थांबला. पिठाची धार बोटांवरून भांड्यात ओघळत राहिली. मग ती खालीच पाहत म्हणाली, "भज्जे खासान काय गरम?"

त्याला हसू आलं आणि रडूही. तुझे उपकार कसे फेडू, असं काहीतरी तो म्हणणार होता, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हे इथे, चुलीपाशी, हळू आवाजात म्हणणं म्हणजे पुन्हा तेच. तीही लपवेल, मीही लपवेन. ती इथे आत बसली आहे, आणि तिला आत बसवणारं खोटं माझं आहे. बाहेर आईचा आवाज आला, रिवाजाप्रमाणे मोठ्याने विचारणारा: "कोनाची राह्यली काय वं ओटी भराची?"

कैलास उठला. खिशातली चिठ्ठी हाताला लागली.

"राह्यली, आई," तो बायकांच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन म्हणाला. "जयाची राह्यली."

साऱ्या माना वळल्या. आचल पाटावरून वर पाहू लागली. आईच्या कपाळावर आठी चढली, ओठ उघडले. मागे जया दबक्या आवाजात म्हणत होती, "जाऊ द्या ना... कायले..." कैलासला आपल्या कानांत फस्स, फस्स असं स्वतःचं रक्त ऐकू येत होतं, आणि नवल म्हणजे भीती कुठेच नव्हती. पुढचं वाक्य सात वर्षं उशिरा का होईना, तोंडाशी येऊन उभं होतं. आई काऊन म्हणून विचारील, याची तो आता वाट पाहत होता.