त्या फोटोतला आरसा

मी एक जुना आरसा आहे. पंचवटीतल्या एका बोळात, छायाबाईंच्या एका खोलीच्या घरात, लोखंडी कपाटाच्या दारावर बसून मला एकोणीस वर्षं झाली. त्यांच्या लग्नात आलो, तेव्हा टेम्पोत माझा खालचा कोपरा तुटला. छायाबाई बाजारात फुलं विकतात. अंघोळीला जाताना कपाळाची टिकली काढून माझ्या काठाला चिकटवायची, ही त्यांची सवय. नवी पाकिटं येतात, जुन्या टिकल्या निघत नाहीत. माझा डावा काठ नुसता लाल झाला आहे.

एकेकाळी माझा काय थाट होता! नवरात्रात बोळातल्या बाया साडी नेसायला इथेच यायच्या. "छायाच्या आरशात माणूस बारीक दिसतं," म्हणायच्या. मग मोबाइल आला आणि मला कुणी विचारेना. छायाबाईंची शुभांगी अकरावीत गेली, ती तर केसही मोबाइलमध्ये बघून नीट करी. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी मात्र ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. क्लासमधला रोहित आठवडाभर मागे लागला होता. त्याचे मेसेज ती पुटपुटत वाचायची. "पाठव ना फोटो. विश्वास नाही का माझ्यावर?" कसला फोटो, ते मी सांगणार नाही. तिने चेहरा तेवढा वगळला. "आता कोण ओळखणार?" असं स्वतःशीच म्हणाली आणि पाठवून दिला.

मित्रांनो, ती चुकत होती. समोरून माणूस हललं की माझ्याकडे काही उरत नाही, मोबाइलचं तसं नसतं. त्या फोटोत चेहरा नव्हता, पण मी होतो. तुटका कोपरा, टिकल्यांचा काठ. सगळा बोळ मला ओळखतो! पण आरशाला तोंड कुठे असतं?

चौथ्या दिवशी तिची मैत्रीण आभा धापा टाकत आली. "शुभे, रोहितनं कुणाकुणाला फोटो दाखवलाय. अगं, तो आरसा तुमच्याच घरचा ना?"

शुभांगी पांढरीफटक पडली. दोन दिवस क्लासला गेली नाही, धड जेवली नाही. बोळात कुणी हसलं तरी दचकायची. तिसऱ्या दिवशी ती नखांनी माझ्यावरच्या टिकल्या खरवडू लागली. बोटातून रक्त आलं तरी थांबेना. तेवढ्यात रिकामी पाटी घेऊन छायाबाई दारात.

"काय चाललंय गं? टिकल्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

शुभांगी बोलली. आधी अडखळत, मग एका दमात सगळं. छायाबाईंचा हात उगारला गेला. तो हात हवेतच थांबला, मग खाली आला आणि लेकीच्या पाठीवर टेकला.

"गाढवपणा केलास, लय मोठा," त्या म्हणाल्या. "पण फोटो दाखवत फिरला तो. तोंड त्यानं लपवायचं. त्याचे मेसेज पुसू नको. उद्या तुझ्या क्लासच्या बाईंना दाखवू, मग पोलिसांत जाऊ. मी हाय ना."

तक्रार झाली. रोहितच्या मोबाइलमधून फोटो पुसला गेला. आणखी कुठे कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. शुभांगी परत क्लासला जाते, पण मोबाइल वाजला की अजून तिचे खांदे आखडतात.

मित्रांनो, असा फोटो कुणी मागितला, तर विश्वासाच्या नावाखालीही देऊ नका. दिला गेलाच, तर एकटे कुढू नका, त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगा. आणि मोठ्यांनो, राग येणारच. पण पोर सांगायला येईल तेव्हा आधी ऐकून घ्या. एकाच खोलीत राहून आईपर्यंत पोचायला आमच्या शुभांगीला तीन दिवस लागले.