बहिरीदेवाची खानेसुमारी

धाकट्या कोंडखारचा पोलीस पाटील धर्माजी, याचं घोडं एका माणसावर अडलं होतं. एकतीस सालच्या खानेसुमारीत ज्या गावात शंभर माणसं भरणार नाहीत ते शेजारच्या गावात जमा होईल, असं मामलेदारसाहेबांनी बजावलं होतं. शेजारचं गाव म्हणजे थोरली कोंडखार. तिथला पाटील बाबाजी आधीच धर्माजीच्या डोक्यावर मिरे वाटायचा. आता तर गावाचं नाव आणि पाटीलकी दोन्ही त्याच्या घशात जाणार होती.

मोजणीच्या दिवशी हरेश्वर मास्तर घरोघर हिंडले आणि नव्याण्णव म्हणाले.

धर्माजीनं मुलाचं नाव पुढे केलं. रघू गणपती झाल्यावर मुंबईच्या गोदीत कामाला गेला तो गेलाच. दिवाळी झाली, भात झोडून झालं, पण पोराचा खुशालीचा निरोप नाही. मास्तर म्हणाले, आज जो जिथे असेल तो तिथेच मोजायचा, सरकारचा तसा हुकूम आहे. आत चुलीपाशी रघूची आई सोनूबाई डोळ्यांना पदर लावत होती. धर्माजीला ते दिसलं, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात शंभराव्या माणसाशिवाय काही शिरत नव्हतं.

आणि त्याला बहिरीदेव आठवला. देवाच्या नावानं जमीन होती आणि तिचा शेतसारा दरसाल सरकारात जात होता. सारा घेताना देव चालतो, मग मोजताना का चालू नये, असं धर्माजीनं विचारलं. मास्तर सरळ माणूस, त्यातून सकाळपासून उन्हात पायपीट झालेली. ते दौत-लेखणी घेऊन देवळात जाऊन बसले.

गावाला ठाऊक असलेली माहिती दयाराम गुरवानं भराभर सांगितली. धंदा, गावाची राखण. लिहिता-वाचता येत नाही. लग्न झालेलं, पण बायको जोगेश्वरी थोरल्या कोंडखारीत असते. मग ती तिकडे मोजली जाईल, असं मास्तर म्हणाले. बाबाजीला फुकटात एक माणूस मिळालं म्हणून धर्माजीचा जळफळाट झाला.

शेवटचा प्रश्न राहिला, देव आज गावात हजर आहे का. गुरव हो म्हणणार, तोच धर्माजीनं त्याला अडवलं. कोंडखारीत सोयरीक करायची असो की म्हैस विकायची असो, देवाला कौल लावल्यावाचून पान हलत नसे. उद्या बाबाजीनं तोंड वर करून ही नोंद खोटी ठरवायला नको, म्हणून कौलच लावायचा ठरला. गुरवानं देवाच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

डावं पडलं.

धर्माजीच्या तोंडचं पाणी पळालं. देवच गावात नाही म्हटल्यावर कुणाकडे बघायचं हेही कुणाला कळेना. तेवढ्यात मागोमाग देवळात आलेली सोनूबाई खांबाआडून पुढे आली.

"म्याच धाडलाय त्याला," ती म्हणाली. "रघू निघाला तवा देवाला सांगितलं, गावाची राखण मी करते, तू पोराच्या पाठीशी जा." मग ती गुरवाकडे वळली. "इचार त्याला, रघूजवळ हाय का?"

गुरवानं पुन्हा फुलं लावली. धर्माजीला पक्कं कळत होतं की आता डावं पडलं तर पहिला कौलही चुकला म्हणता येईल, भांडता येईल, गाव वाचवता येईल. आणि तरी त्याची नजर उजव्या फुलावरून हलेना. त्याला स्वतःचाच राग आला.

उजवं पडलं.

मास्तरांनी लेखणी पुसली. नियम तोच, ते म्हणाले, देव मुंबईत मोजला जाईल. गाव थोरल्या कोंडखारीत गेलं, पाटीलकीही गेली. सोनूबाई देवापुढे डोकं टेकून रडत होती आणि रडता रडता हसत होती. धर्माजी देवळाच्या पायरीवर मटकन बसला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या जिवात जीव आला होता.

मास्तर निघाले तसा त्यानं त्यांचा हात धरला.

"मास्तर, त्या दोघांना एकाच खोलीत लिवतील न्हवं?"